तुस्कानोसरांचा बाराचा प्रश्न

सागरदीप गॅसेसमध्ये मेलेला माणूस हजेरीपटावरून कमी करायला पाच मिनिटं लागत. यंत्रातून कमी करायचा म्हटलं की वर्षं जात, आणि एवढं करूनही तो जाईलच याची खात्री नसे.

हे यंत्र वसईजवळ वालीवच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या मागच्या इमारतीतल्या काचेच्या खोलीत उभं होतं. छातीइतक्या उंचीचं काळं कपाट, आत पंख्यांची घरघर, समोर काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. सगळे त्याला 'एएस फोर हंड्रेड' म्हणत. बनवणाऱ्यांनी त्याचं नाव आजवर तीन-चारदा बदललं, पण वसईत बारशाचं नाव एकदा चिकटलं की चिकटलं. डहाणूपासून ठाण्यापर्यंत कंपनीचे जेवढे सिलिंडर फिरत, त्या प्रत्येकाची जन्मकुंडली या कपाटात होती. कुठला नंबर, कधी भरला, कोणी नेला, शेवटची तपासणी कधी झाली.

कपाट सांभाळायची विनया चुरी. सांडोरच्या केळीच्या वाडीतली मुलगी. लग्न होऊन चंदनसारला फ्लॅटमध्ये आली, तिथून रोज स्कूटीने वालीव. बावीस वर्षांपूर्वी ती आकडे भरायला म्हणून लागली होती. तेव्हा खुर्चीत स्टीवन तुस्कानो होते, भुईगावचे. त्यांनी तिला त्या यंत्राची भाषा शिकवली, प्रोग्राम लिहायला शिकवलं, आणि एकच नियम शंभरदा सांगितला. "बाय, यंत्राने प्रश्न विचारला की आधी पुरता वाचायचा. मग उत्तर द्यायचं."

कारण ते यंत्र प्रश्न विचारतं. एखादं काम अडलं की पडद्यावर एक ओळ येते, शेवटी उत्तराची अक्षरं असतात. 'सी' दाबलं तर काम कायमचं रद्द. 'आर' दाबलं तर पुन्हा मोजून बघ. 'आय' दाबलं तर आजच्यापुरतं सोड. यातलं काहीच दाबलं नाही, तर यंत्र थांबतं. तासभर थांबतं, दिवसभर थांबतं, सांगितलं तर महिनाभर थांबेल. कंटाळत नाही, ओरडत नाही. ओळीचा पुढचा खुलासा वाचायचा तर कर्सर तिच्यावर नेऊन एफ-वन दाबावं लागतं. तेवढी तसदी कोण घेतो? आपल्याकडे औषधाच्या बाटलीवरचं कोणी वाचत नाही, तिथे यंत्राचं काय घेऊन बसलात!

आता ती चाळीस सिलिंडरांची गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. ऑक्सिजनसाठी गेटबाहेर माणसं रात्रंदिवस उभी. प्लांटच्या मागे चाळीस सिलिंडर वेगळे काढून ठेवले होते, कारण त्यांच्या दाबाच्या तपासणीची मुदत टळली होती. असा सिलिंडर भरायचा नसतो. जुनं पोलाद कुठून फाटेल सांगता येत नाही. वरचे साहेब फोन उचलेनात. गेटवर एक बाई पदर पसरून बसली होती, आणि शेवटी तुस्कानोसरांनीच निर्णय घेतला. "भरा. जाऊ देत. पण विसरायचं नाही. एकेक परत आणायचा."

त्या दुपारी त्यांनी खुर्चीत बसून एक प्रोग्राम लिहिला. रोज दुपारी बारा वाजता तो चाळीस नंबरांची यादी तपासायचा, किती अजून बाहेर आहेत ते मोजायचा, आणि विचारायचा. बाराच का, असं विनयाने विचारलं तेव्हा ते हसले होते. बाराला भुईगावच्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा होते, घरी असो की कामावर, त्या वेळी त्यांचा हात आपसूक छातीवर क्रूस काढायचा. म्हणाले, "त्या वेळेला माझं ध्यान जाग्यावर असतं."

पंधरा दिवसांत ते आजारी पडले. इस्पितळात खाट कुठे मिळाली नाही, घरीच ऑक्सिजन लावला. नऊ मेला गेले.

दहा मेला विनया एकटीच काचेच्या खोलीत होती. बारा वाजले. पडद्यावर ओळ आली. रोमन अक्षरांत मराठी, तुस्कानोसरांची नेहमीची सवय. '३८ बाकी. सगळे आले का?' आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला सगळं माहीत होतं. माणसाचं नाव यंत्रात बंद करता येतं, पण त्याच्या नावाने लावून ठेवलेली कामं चालूच राहतात, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. माहीत असणं वेगळं आणि बाराच्या ठोक्याला मेलेल्या माणसाने "सगळे आले का?" म्हणून विचारणं वेगळं. तिने 'आय' दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पावणेबारा झाले की तिचं कामात लक्ष लागेना. शेवटी जूनमध्ये तिने एक युक्ती केली. यंत्रात एक यादी असते, ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर यंत्रानेच परस्पर द्यावं म्हणून. तिने त्यात लिहून टाकलं, हा प्रश्न आला की उत्तर 'आय'. आजच्यापुरतं सोड.

मग साडेतीन वर्षं तुस्कानोसर रोज बाराला विचारत राहिले आणि यंत्र रोज त्यांना सांगत राहिलं, सोडा. विनयाला ते दिसायचं बंद झालं. दिसायचं बंद झालं की संपलं, असं माणूस धरून चालतो. तीही चालली.

यंदा कंपनीने ठरवलं, जुनं कपाट एकतीस डिसेंबरला बंद. सगळं नव्या प्रणालीत जाणार. त्यासाठी अनुज नावाचा एक तरुण आला होता, हुशार, बोलण्यात चुरूचुरू. डिसेंबरच्या एकोणीस तारखेला यादी तपासताना तो थबकला. "मॅडम, हा स्टीवन टी कोण आहे? आयडी डिसेबल आहे, पण ह्याचा जॉब रोज चालतोय. डिलीट मारायला गेलो तर होत नाहीये. म्हणतंय, ह्याच्या मालकीच्या तीनशे बारा वस्तू आहेत, आधी त्या दुसऱ्याच्या नावावर करा."

"ते वारले," विनया म्हणाली.

"मग काढून टाकू ना सगळं. आणि ही आपोआप उत्तरांची यादी पण साफ करतो, नव्या सिस्टीममध्ये नको." आणि त्याने यादी पुसली.

तेव्हा घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. विनयाने घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे. बारा वाजले. काळ्या पडद्यावर हिरवी ओळ उमटली.

'१ बाकी. सगळे आले का?'

अनुज हसला. मग त्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि हसायचा थांबला. "मॅडम, हे विचारतंय कोण?"

एक बाकी. म्हणजे अडतीसचे होता होता एकावर आले होते. रिकामे सिलिंडर भरायला परत येत, नंबर टिपला जाई, तुस्कानोसरांचा हिशेब चालूच होता. कोणी बघत नव्हतं, तरी चालू होता. आणि एक फुटायला आलेला सिलिंडर अजून कुणाच्या तरी घरात उभा होता.

विनयाने आयुष्यात पहिल्यांदा त्या ओळीवर कर्सर नेऊन एफ-वन दाबलं. खुलासा उघडला. 'सिलिंडर ७७१९. गेट पास ५ मे. घेणारा: स्वतः.'

तिने तो शेवटचा शब्द पुन्हा वाचला. पाच मेला सर अंथरुणाला खिळलेले होते. घरी न्यायला सिलिंडर मागवला, तेव्हा त्यांनी चांगला तपासलेला घेतला नाही. तो इस्पितळाला जाऊ दिला. स्वतःसाठी त्या चाळिसातला घेतला. हे कळलं तशी विनया तिथेच रडली, अनुजच्या देखत, लाज न बाळगता. साडेतीन वर्षं ती त्यांना 'सोडा' म्हणत होती.

"शेड्यूल उडवून टाका ना," अनुज हळूच म्हणाला.

"हात लावू नकोस. प्रश्न तसाच उभा राहू दे."

तिने भुईगावला फोन लावला. तुस्कानोसरांची बायको, रोझमेरी आंटी, माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. आवाज ठणठणीत होता. "सिलिंडर? तो कवाच दिला परत, बाय. माझ्याकडं काय नाय." आणि फोन खाली. विनयाने गेटची वही काढली, पानं चाळली. ७७१९ आत आल्याची नोंद कुठेच नव्हती. आंटी खोटं बोलली होती, आणि रोझमेरी आंटी खोटं बोलते हे भुईगावात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी विनयालाच वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती भुईगावला पोचली. नाताळ चार-पाच दिवसांवर आलेला, घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या. आंटीच्या घरावर मात्र काही नव्हतं. आंटीने तोंडभरून स्वागत केलं, चहा केला, विनयाच्या आईची विचारपूस केली, सांडोरला यंदा वेलची केळी कशी आहेत ते विचारलं. सिलिंडरचं नाव काढू दिलं नाही. मधल्या खोलीचं दार बंद होतं. विनयाला दोनदा वाटलं की दाराआड कोणीतरी आहे.

"आंटी, आत कोण आहे?"

"कोन असनार? मी एकटीच."

बाराला दहा मिनिटं राहिली तशी आंटीची चुळबुळ सुरू झाली. घड्याळाकडे बघायची, पदर सारखा करायची. "बाय, तू आता निघ. माझी प्रार्थनेची वेळ झाली." तिने काडेपेटी उचलली, मधल्या खोलीचं दार उघडलं आणि आत गेली. दार लोटायला ती विसरली.

विनया उठून दाराशी गेली, आणि आत बघून जागच्या जागी थिजली.

खोलीच्या कोपऱ्यात तुस्कानोसर उभे होते. त्यांचा फिक्या निळ्या रंगाचा ऑफिसचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खिशाला पेन. फक्त शर्टाच्या वर डोकं नव्हतं. तिथे गॅस सोडायची पितळेची चावी होती. शर्टाखाली काळं पोलाद, बुडाशी गंजाचे पोपडे. बाजूला पलंग, पलंगावर दोन उशा. समोर वेदीवर मेणबत्ती, आणि आंटी ती पेटवत होती.

खोबरेल तेलाचा वास आला.

"आंटी," विनया दारातूनच म्हणाली. "तेल कशाला लावलंय?"

आंटीने मागे वळून बघितलं. चिडली नाही, लपवलंही नाही. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "चावी घट्ट झाली गो. काल रातीपासून फिरंना. म्हनून आता सकाली खोबरेल सोडलंय." तिने शर्टाच्या बाहीवरून हात फिरवला. "तो गेला तवा ह्याच्यात अर्ध्याच्या वर होता. त्याच्या वाटनीचा श्वास. मी तो देऊन टाकू? रोज बाराला घंटा झाली की जराशी चावी फिरवते. फुस्स करतो. तेवढाच. मग मी मेरीमातेला म्हनते, आज पन हाय तो घरात."

विनया बावीस वर्षं ज्या गेटमधून आत जात होती, त्या गेटवर हाताएवढ्या अक्षरांची पाटी होती: तेल, ग्रीस सक्त मना. कोंडलेल्या ऑक्सिजनला तेलाचा एक थेंब पुरतो. आगीला काडीसुद्धा लागत नाही. आणि इथे काडी पण होती. गंजलेला सिलिंडर होता, तेल घातलेली चावी होती, पेटलेली मेणबत्ती होती, आणि चावीवर म्हातारीचा हात होता.

देवळाची घंटा सुरू झाली.

"आंटी, हात काढा."

"काय करतो तो तुला? जरासाच—"

"सर तो परत मागतायत."

घंटेच्या दोन ठोक्यांच्या मधे केवढी शांतता असते, ते विनयाला तेव्हा कळलं. आंटीचा हात चावीवर होता, पण फिरत नव्हता. "कोन मागतंय?"

विनयाने फोन काढला. आदल्या दिवशी तिने पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. दोन पावलं पुढे होऊन तिने तो आंटीच्या डोळ्यांसमोर धरला, आणि दुसऱ्या हाताने मेणबत्तीची ज्योत चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली, ते तिला संध्याकाळी कळलं.

आंटी अक्षर अक्षर जुळवत वाचू लागली. एक बाकी. सगळे आले का. खाली नवऱ्याचं नाव.

"हा कवाचा?"

"कालचा. दुपारी बाराचा. रोज विचारतात, आंटी. गेले तेव्हापासून रोज, बरोबर बाराला. चाळीसपैकी एकोणचाळीस आले. हाच राहिलाय." आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही ती सांगून गेली. "मी साडेतीन वर्षं वाचलंच नाही. मला भीती वाटत होती."

आंटी पलंगावर बसली. चावीवरचा हात सुटला आणि मांडीवर आला. मग म्हणाली, "म्हंजे तो हितं नव्हताच. मी रोज ह्या लोखंडाशी बोलत बसले, आनि तो गेला कामावर." तिला हसू आलं आणि त्याच हसण्यातून तिला रडू फुटलं. "जित्तेपनी पन असाच. बाराची घंटा झाली तरी घरी नाय."

विनयाने खिडक्या उघडल्या आणि ती आंटीच्या शेजारी बसली. घंटा थांबली होती.

दुपारी प्लांटची माणसं आली, कोरे हातमोजे घालून. शर्टाची बटणं आंटीनेच काढली. प्लांटवर चावी धुऊन घेतल्यावर, उघड्या पटांगणात लांबून त्यांनी सिलिंडर मोकळा केला. विनयाने फोन स्पीकरवर ठेवला होता. भुईगावला आंटी कानाला लावून ऐकत होती. नऊ मिनिटं तो श्वास चालला. पुढे तपासणीसाठी पाण्याच्या दाबाखाली घातला तेव्हा सिलिंडर बुडाशी फाटला, आणि तपासणारा मिस्त्री विनयाला नुसता हात जोडून निघून गेला.

पुढचे दिवस विनया रोज बाराची ओळ पुरती वाचून 'आय' दाबत राहिली. एकतीस तारखेला तिने आंटीला रिक्षाने वालीवला आणलं. काचेच्या खोलीत अनुजने तिच्यासाठी खुर्ची सरकवली. आंटीने पांढरी साडी नेसली होती, हातात जपमाळ होती. कपाट घरघरत होतं. तिने त्याच्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "ऊन हाय गो," ती म्हणाली.

बारा वाजले. ओळ आली.

'० बाकी. सगळे आले का?'

आंटीने सगळं वाचलं, नावासकट. मग विचारलं, "आनि उत्तर नाय दिलं तर?"

"वाट बघतील."

"किती?"

"कितीही. बटण बंद करेपर्यंत."

आंटीने उत्तराची अक्षरं कुठली ते विचारून घेतलं. तीनही. सीवर बोट नेलं, मागे घेतलं. "एकदा परत मोजाया सांग त्याला. चूक नको राहायला." विनयाने तिला कळ दाखवली. आंटीने आर दाबलं. पडदा क्षणभर कोरा झाला. अनुज श्वास रोखून उभा होता, तो आता हसत नव्हता.

'० बाकी. सगळे आले का?'

"आले," रोझमेरी आंटी पडद्याला म्हणाली. "चाळीसच्या चाळीस आले. ये आता घरी." आणि तिने सी दाबलं.